चिठ्ठी आणि रकाना

सरकारी फॉर्म भरताना ज्यानं दातओठ खाल्ले नाहीत असा माणूस पौडमध्ये शोधून सापडायचा नाही. मुळशी तालुक्याचं ठाणं आमच्या गावात, तहसील कचेरी आमच्या गावात. त्यामुळं अख्ख्या तालुक्याचे रकाने आमच्या डोळ्यांदेखत भरले जातात. मीही रकान्यांचा पिढीजात वैरी होतो. पण एका चैत्रात मला असा काही दणका बसला, की आज मी रकान्याचं वकीलपत्र घेऊन उभा आहे. प्रतिवादी माझा सख्खा पुतण्या.

पुतण्या हिंजवडीला संगणकात आहे. हिंजवडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं काचेच्या इमारती येतात. पण तीही आमच्याच मुळशी तालुक्यातली, म्हणजे हा तंटा तसा तालुक्यातल्या तालुक्यातलाच. मी मराठीचा निवृत्त मास्तर. रिकामपणाचा उद्योग म्हणून पायथॉन शिकायला घेतलं, तेव्हा ही म्हणाली, ‘‘साप पाळणार असाल तर अंगणात पाळा.’’ तरी शिकलो. आणि मग आळीतल्या हनुमान जयंतीच्या वर्गणीचा हिशोब ठेवणारा प्रोग्राम लिहिला.

पुतण्यानं दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स होतं. त्यात मी दोन फोल्डर केले होते. ‘हिशोब’ या नावाचा चालू वर्षाचा, आणि ‘हिशोब जुना’ या नावाचा, हात बसावा म्हणून केलेला कच्चा. कच्चा फोल्डर प्रोग्रामनंच पुसावा असं मनात आलं. पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘‘काका, एका ओळीचं काम. ओएस डॉट सिस्टिम लिहा, कंसात आरएम डॅश आर आणि पुढं फोल्डरचं नाव जोडा. बाकीचं शेल बघून घेईल.’’

शेलनं बघून घेतलं. ‘हिशोब’ पुसला, आणि वर तक्रार केली की ‘जुना’ नावाचं काही सापडत नाही!

वाचकहो, गावात माणसाचं काहीही गेलं तरी चालतं, वर्गणीचा हिशोब जाऊन चालत नाही. पारावर लोक माझी प्रकृती विचारू लागले. ज्यांनी अकरा रुपये दिले होते त्यांच्या आवाजात विशेष काळजी होती. शेवटी पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती उशाशी घेऊन चार रात्री जागलो, तेव्हा कुठं आकडे जुळले आणि अब्रू परत आली.

आता हे शेल म्हणजे काय? कचेरीच्या दाराशी बसलेला शिपाई समजा. तुम्ही चिठ्ठी द्यायची, त्यानं ती वाचून आत हुकूम सोडायचे. दोन शब्दांत मोकळी जागा दिसली की त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या वस्तू. तारका दिसली की तो समजतो ‘सगळं’. आणि अर्धविराम! तीस वर्षं मी पोरांना शिकवलं, की अर्धविराम म्हणजे वाक्य अजून संपलेलं नाही. या शिपायाच्या व्याकरणात अर्धविराम म्हणजे पहिला हुकूम संपला, आता दुसरा ऐका. उद्या कोणी फोल्डरच्या नावात अर्धविराम घालून पुढं ‘सगळं पुसा’ असं त्याच्या भाषेत लिहिलं, तर तो तेही इमानेइतबारे करील. चिठ्ठीतली कुठली अक्षरं धन्याची आणि कुठली परक्याची, हे कळायला त्याला मार्गच नाही. माझा मुद्दा एवढाच आहे: हुकूम आणि परक्याचा मजकूर एकाच ओळीत कालवू नये.

पुतण्याचा पहिला बचाव असा, की नावात जागा सोडली ही काकांची चूक. वा! ज्ञानोबांच्या काळातली मंडळी शब्दाला शब्द चिकटवून लिहीत. पुढं आम्ही जागा सोडायला शिकलो, ती संगणकासाठी पुन्हा मोडायची काय?

दुसरा बचाव: नावाला अवतरणचिन्हं घालावीत. ठीक. मग आमच्या वसईचे डिसोझा आले. इंग्रजीत त्यांच्या आडनावात ‘डी’च्या पुढं, वरच्या अंगाला एक शेपटी असते. शिपाई म्हणतो, अवतरण इथंच मिटलं. गरीब बिचाऱ्या डिसोझांनी नुसतं नाव सांगितलं, आणि यांचं कुंपण पडलं.

तिसरा बचाव: घातक चिन्हांची यादी करून ती गाळावीत. पोरं वर्गात काय काय करू शकतील याची यादी मीही एकदा केली होती. पोरांनी ती वाचून उरलेलं केलं.

चौथा बचाव सगळ्यांत आवडता: ‘‘काका, हे वापरणार कोण? आपणच की!’’ जगातले सगळे घोटाळे या वाक्यापासून सुरू होतात. 2 नोव्हेंबर 1988 रोजी अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्यानं सोडलेला ‘मॉरिस वर्म’ इंटरनेटभर पसरला. तो ज्या वाटांनी शिरला त्यांतली एक वाट टपाल पोचवणाऱ्या ‘सेंडमेल’ची. तपासणीसाठी ठेवलेली एक सोय उघडी राहिली होती, आणि तिच्यामुळं पत्र घेणाऱ्याच्या पत्त्याच्या जागी चक्क हुकूम लिहिता येत होते. पोस्टमननं पत्ता वाचायचा सोडून पत्त्याची आज्ञा पाळली!

सप्टेंबर 2014 मध्ये उघडकीला आलेला ‘शेलशॉक’ तर याहून मासलेवाईक. चेकवर आपण ‘अक्षरी रुपये पाचशे फक्त’ लिहितो आणि पुढं रेघ ओढतो. का? पुढं कोणी काही लिहू नये म्हणून. ‘बॅश’ नावाचं शेल एक विशिष्ट मजकूर वाचताना तो संपला तरी थांबत नव्हतं. ‘फक्त’च्या पुढं कोणी काही लिहिलं असलं, तर तेही हुकूम समजून अमलात आणत होतं. हा दोष 1989 पासून, म्हणजे पंचवीस वर्षं, तिथं बसून होता. आमच्या पतपेढीचा कारकून हे पंचवीस सेकंदांत पकडील.

आणि औषध काय? रकाना! पायथॉनमध्येच 2004 पासून ‘सबप्रोसेस’ आहे. त्यात हुकूम एका रकान्यात आणि नाव दुसऱ्या रकान्यात, अशी यादी देता येते. मधला शिपाई आपण होऊन कोणी बोलावल्याशिवाय येत नाही. नावाच्या रकान्यात जागा असो, तारका असो, अर्धविराम असो, ते नावच राहतं. कचेरीतल्या फॉर्मवर ‘पूर्ण नाव’ या रकान्यात मी ‘तलाठ्याची बदली करा’ असं लिहिलं, तर फार तर माझं नाव विचित्र ठरेल. बदली होणार नाही. रकान्याची थोरवी ती हीच. एक पथ्य मात्र पाळावं. नावाची सुरुवात आडव्या रेघेनं झाली तर काही प्रोग्राम तिला सूचना समजतात. म्हणून नावाच्या आधी दोन आडव्या रेघांचा वेगळा रकाना द्यावा. ‘सूचना इथं संपल्या’ असा त्याचा अर्थ. तो त्यांचा ‘फक्त’.

शिवाय फोल्डर पुसायला पायथॉनमध्ये स्वतःची सोय आहेच. घरात विळी असताना भाजी चिरायला शेजारी पाठवायची गरजच काय?

शिपायाशी माझं वैर नाही. स्वतः समोर बसून, स्वतःच्या हातानं हुकूम लिहायचे असतील तर त्याच्यासारखा चपळ गडी नाही. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हाती देत तो दहा कामं क्षणात उरकतो. चिठ्ठीचा प्रत्येक शब्द तुमचाच असेल, तर खुशाल द्या. पण आता प्रोग्रामच काय, हुकूमसुद्धा यंत्रंच लिहू लागली आहेत, आणि परस्पर शिपायाच्या हाती देऊ लागली आहेत. अशा वेळी चिठ्ठीत परक्याचा शब्द शिरला आहे की नाही, हे बघायला निदान एक मास्तर तरी जागा हवा.

पुतण्यानं अजून हार मानलेली नाही. परवा आला तेव्हा म्हणाला, ‘‘काका, रकाने भरत बसलं तर कामं व्हायची कधी?’’ तेवढ्यात हिनं वाण्याकडून आणायच्या सामानाची यादी त्याच्या हातात दिली. यादीच्या शेवटी तिनं आडवी रेघ मारून ठेवली होती.

‘‘ही कशाला, काकू?’’

‘‘मागच्या खेपेला तुझ्या काकांनी खाली फरसाण लिहिलं होतं,’’ ही म्हणाली.