ओढण्याचा आकडा सांगता, तापमानाचाही दाखवा

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, कोलोरॅडो नदीच्या काठी बुलहेड सिटी आहे. तिथून पूर्वेला निघालेला राज्य महामार्ग ६८ सुमारे साडेअकरा मैलांत तीन हजार फूट चढतो. डेव्हिस डॅम ग्रेड या नावाने हा चढ ओळखला जातो. पिकअप ट्रकच्या जाहिरातींत ‘इतके हजार पौंड ओढतो’ असा जो आकडा ठळक छापलेला असतो, त्याचा कस इथे लागतो. वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने २००८ साली जे-२८०७ हे मानक आणलं, त्यातली चढाची चाचणी याच रस्त्यावर बेतलेली आहे. बाहेर किमान ३८ अंश सेल्सियस तापमान, एसी पूर्ण जोरात, मागे पूर्ण वजनाचा ट्रेलर आणि तरीही वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. मागे दुहेरी चाकं असलेल्या ट्रकला ३५ मैलांची सवलत. टोयोटाने २०११च्या टुंड्रासाठी हे मानक सगळ्यांच्या आधी स्वीकारलं आणि त्यासाठी स्वतःचे आकडे खाली आणले. बाकीच्या मोठ्या कंपन्यांना यायला आणखी काही वर्षं लागली.

या मानकामुळे वजनाच्या आकड्यांत प्रामाणिकपणा आला, हे मोठं काम झालं. पण ट्रक तो चढ एकदा चढू शकतो, एवढंच ही चाचणी सांगते. दर उन्हाळ्यात असे घाट चढताना गेअरबॉक्सचं तेल किती तापतं आणि त्यामुळे गेअरबॉक्सचं आयुष्य किती कमी होतं, हे मालकाला कोणी सांगत नाही. जाहिरातीत वजन सांगणाऱ्या कंपनीने डॅशबोर्डवर तापमानही आकड्यात दाखवलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

उष्णता किती, याचा हिशेब सोपा आहे. ट्रक आणि ट्रेलर मिळून सात टन धरा. एवढं वजन तीन हजार फूट उचलायला सुमारे ६३ मेगाज्यूल ऊर्जा लागते. ताशी ४० मैलांनी हा चढ सतरा मिनिटांत संपतो, म्हणजे नुसतं वर चढवण्यासाठी ६० किलोवॉट. वारा आणि टायरचा विरोध धरला तर इंजिनाला शंभरच्या आसपास किलोवॉट द्यावे लागतात. त्यातले दहा टक्के जरी गेअरबॉक्समध्ये वाया गेले, तरी तिथे दोन किलोवॉटचे पाच गीझर एकाच वेळी सुरू असल्यासारखं आहे. आणि ही उष्णता झेलायला आहे किती? काही लिटर तेल.

यातली बरीचशी उष्णता टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तयार होते. इंजिन आणि गेअर यांच्यामध्ये तिथे तेल असतं. इंजिनाकडचा पंखा तेल फेकतो, ते तेल समोरचा पंखा फिरवतं. दोन्ही पंख्यांच्या वेगात जो फरक पडतो, ती घसर. घसरीत गेलेल्या शक्तीची उष्णताच होते. सपाट रस्त्यावर कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडतो आणि घसर थांबते. चढावर जड ओझं असताना गाडी उंच गेअरमध्ये राहू पाहते, लॉक-अप सुटतो, पुन्हा लागतो, गेअर सारखे वरखाली होतात आणि तेलाचं तापमान झपाट्याने वाढतं.

अमेरिकेतल्या गेअरबॉक्स मेकॅनिकांमध्ये एक जुना ठोकताळा आहे: साधारण ८० अंश सेल्सियसला तेल एक लाख मैल टिकतं आणि त्यापुढे दर अकरा अंशांना आयुष्य निम्मं होतं. म्हणजे ९१ला पन्नास हजार, १०२ला पंचवीस हजार, ११३ला जेमतेम साडेबारा हजार. आजची सिंथेटिक तेलं याहून सोशिक आहेत आणि नवे गेअरबॉक्स मुळातच नव्वदीच्या घरात चालतील असे बनवलेले असतात, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पण दिशा तीच आहे. तेल जळकट होतं, व्हॉल्व्हवर चिकट थर बसतो, रबरी सील कडक होऊन दाब गळतो आणि शेवटी क्लचच्या चकत्या घसरू लागतात. त्या घसरल्या की आणखी उष्णता.

थंड करण्याची व्यवस्था बहुतेक ट्रकमध्ये दोन टप्प्यांची असते. तेल आधी रेडिएटरच्या टाकीतल्या छोट्या कूलरमधून जातं. तिथलं पाणीच बरंच गरम असतं, म्हणून तिथे तेल त्याहून थंड होऊ शकत नाही. मिनेसोटाच्या गोठलेल्या सकाळी हेच पाणी तेलाला ऊब देतं, तेव्हा तोही टप्पा लागतोच. खरा थंडावा दुसऱ्या टप्प्यात, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या हवेच्या कूलरमध्ये मिळतो. हा कूलर नसेल आणि ट्रेलर नेहमीचा असेल, तर चपट्या थरांचा मोठा कूलर बसवून घ्यावा. नव्या गेअरबॉक्सच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे.

तापमान कुठे चढतं, याबद्दलचा समज मात्र बदलायला हवा. घाट सगळ्यांना दिसतो. पण कॅम्पच्या जागेत ट्रेलर मागे घेताना, वेग पायी चालण्याएवढा, समोरून वारा नाही, लॉक-अप नाही आणि सगळं ओझं कन्व्हर्टरच्या घसरीवर, तेव्हा काही मिनिटांत तापमान घाटापेक्षा वर जाऊ शकतं. ट्रॅफिकमध्ये रांगणाऱ्या गाडीचीही तीच अवस्था. डेन्व्हरच्या पश्चिमेला आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना हवाच विरळ होते, बोगदा अकरा हजार फुटांच्या वर आहे. विरळ हवा कूलरमधली उष्णता कमी ओढून घेते.

मग चालकाच्या हातात काय आहे? ओझं ओढण्यासाठी दिलेला टो/हॉल मोड चालू ठेवणं ही पहिली गोष्ट. तो गेअर उशिरा बदलतो, लॉक-अप टिकवतो आणि उतारावर इंजिनाला ब्रेक लावायला लावतो. गाडी गेअर बदलत राहिली तर स्वतः एक गेअर खाली घ्या, इंजिनाचा आवाज वाढला तरी घाबरू नका. वेग कमी ठेवा. वाऱ्याविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्यांना ५५ मैलांची मर्यादा आहे, तेवढी इतर राज्यांतही स्वतःहून पाळायला हरकत नाही. तिथल्याच बेकरजवळच्या आय-१५ महामार्गाच्या चढावर एसी बंद करा अशी पाटी आहे, ती मनावर घ्या. तापमान चढलंच तर सुरक्षित जागी थांबून हँडब्रेक लावा, पार्क किंवा न्यूट्रलमध्ये इंजिन थोडं वाढवून चालू ठेवा. इंजिन चालू असलं की तेलाचा पंप फिरतो आणि तेल कूलरमधून जात राहतं. थांबताक्षणी इंजिन बंद केलं तर गरम तेल आहे तिथेच साचून राहतं.

पण यातलं बरंचसं तापमान दिसल्याशिवाय करता येत नाही. अनेक गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर रेंगाळणारा असतो किंवा आकड्यांशिवाय नुसता रंगीत पट्टा असतो. काही गाड्यांत तेवढंही नाही, फक्त धोक्याचा दिवा. संगणक सगळं सांभाळतो, चालकाला आकडे देऊन घाबरवू नये, असा कंपन्यांच्या बाजूचा युक्तिवाद असतो. संगणक सांभाळतो, हे खरं आहे. पण दिवा लागतो तो गेअरबॉक्सला तातडीचा धोका झाला की. तेलाचं आयुष्य त्याच्या बरंच आधी घटू लागलेलं असतं. तापमानाचा सेन्सर आत आहेच. गाडीच्या ओबीडी या तपासणीच्या पोर्टला स्वस्तातला अडॅप्टर जोडून मोबाइलवर बहुधा तोच आकडा वाचता येतो. जो आकडा गाडीकडे आहे, तो गाडीच्या मालकाला द्यायला नव्या यंत्राची गरज नाही.

हाच आग्रह तेलाबाबतही धरायला हवा. ‘आयुष्यभर बदलावं लागत नाही’ असं विक्रेते सांगतात. मॅन्युअलमधला कठीण वापराचा तक्ता उघडून बघा. जिथे असा तक्ता असतो, तिथे ट्रेलर ओढणं बहुधा त्याच यादीत सापडतं आणि तेल बदलण्याची मुदत बरीच अलीकडे आलेली असते.

अमेरिकेतली अनेक मराठी कुटुंबं आता उन्हाळ्यात ओढायचा कॅम्पर ट्रेलर भाड्याने घेऊन राष्ट्रीय उद्यानांच्या वाटेला लागतात. त्यांना माझं सांगणं आहे: पिकअप घेताना किती ओढतो हे विचारा, आणि त्याच दमात विचारा की गेअरबॉक्सचं तापमान आकड्यात कुठे दिसतं. पडद्यावर बोट ठेवून दाखवता आलं नाही, तर दुसरी गाडी बघा. ग्राहक हे विचारू लागले, तर नियम यायची वाट न पाहता कंपन्या तो आकडा समोर आणतील.