बारा वर्षांचा प्रौढ

परीक्षा संपल्या की पुण्या-मुंबईतल्या घरांत एकच प्रश्न घोळत असतो: मुलांना आजोळी सोडायला जाणार कोण? आईबाबांना रजा नाही, आजोबांचे गुडघे धड नाहीत आणि रात्रभराच्या ट्रॅव्हल्सने दहा वर्षांच्या मुलीला एकटं पाठवायला जीव धजत नाही. मग कुणीतरी सुचवतं, विमानात बसवून द्या, जेवायच्या आत नागपूर. सल्ला वाईट नाही. फक्त विमानात ‘बसवून देणं’ म्हणजे नेमकं काय, हे तिकीट काढण्याआधी समजून घेतलेलं बरं.

एसटीच्या जमान्यात हे काम तोंडी व्हायचं. ‘मास्तर, पोराला कराडला उतरवा, मामा येईल स्टँडवर,’ एवढं कंडक्टरच्या कानावर घातलं की घरचे निर्धास्त. मामाला उशीर झालाच तर मूल कंट्रोलरच्या खिडकीपाशी बसून राहायचं. विमान कंपन्यांनी हीच व्यवस्था कागदावर आणली आणि तिला नाव दिलं ‘अनअकंपनीड मायनर’. आपल्याकडच्या बहुतेक कंपन्या पाच ते बारा वर्षांच्या मुलांना ही सेवा देतात. पाचाच्या आतलं मूल एकटं जाऊ शकत नाही. सेवेचे पैसे वेगळे पडतात, ती आधी सांगून ठरवावी लागते आणि बहुतेकदा थेट विमानालाच मिळते.

या सेवेचा कणा म्हणजे एक फॉर्म. सोडायला कोण आलं, घ्यायला कोण येणार, दोघांची नावं, पत्ते, फोन आणि ओळखपत्र. मुलाच्या गळ्यात कागदपत्रांचा बटवा अडकवला जातो, एक कर्मचारी त्याला सुरक्षा तपासणीतून विमानापर्यंत नेतो आणि तिकडे उतरल्यावर दुसरा कर्मचारी बाहेर आणतो. फॉर्मवर आजोबांचं नाव आहे आणि प्रत्यक्षात मामा आला, तर मूल मामाच्या हाती द्यायला कंपनी नकार देऊ शकते, आणि ते योग्यच आहे. गंमत अशी की फॉर्मवर आधार कार्डावरचं ‘दत्तात्रय’ असतं आणि नातीला मात्र जन्मापासून ‘नाना’ एवढंच ठाऊक. ‘तुला घ्यायला कोण येणार?’ या पहिल्याच प्रश्नाला ती अडखळते. तेव्हा तयारीची सुरुवात इथून करावी: नानांचं पूर्ण नाव, आईचं पूर्ण नाव आणि दोन फोन नंबर तोंडपाठ. मोबाइलमध्ये साठवलेले नंबर बॅटरी संपली की उपयोगाचे नाहीत.

सोडणाऱ्यांसाठीही एक नियम आहे, आणि घाई असली की तोच आधी मोडला जातो. विमान उडेपर्यंत विमानतळ सोडायचा नाही. उशीर झाला, विमान रद्द झालं, तर मूल परत घ्यायला कुणीतरी तिथं हवं. काउंटरवर सही करून ऑफिस गाठणाऱ्या बाबांना हे कुणी तरी खडसावून सांगायला हवं.

एवढं करूनही घोळ होतात. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाहून फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला निघालेल्या सहा वर्षांच्या एकट्या मुलाला स्पिरिट एअरलाइन्सने भलत्याच विमानात बसवलं. आजी फोर्ट मायर्सला वाट बघत उभी आणि नातू ऑरलँडोला, सुमारे अडीचशे किलोमीटर लांब. त्याची बॅग मात्र बरोबर आजीच्याच विमानतळावर उतरली होती. बॅगेला बारकोड असतो, तो यंत्र वाचतं. मुलाचं काम माणसांवर सोपवलेलं असतं आणि सुट्टीच्या गर्दीत माणसं चुकतात. सुदैवाने पोरगा सुखरूप होता.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्याच फ्लोरिडात, फ्रंटिअर कंपनीच्या विमानाने क्लीव्हलँडला निघालेला 16 वर्षांचा मुलगा थेट प्वेर्तो रिकोत जाऊन उतरला. टँपाच्या विमानतळावर तो चुकीच्या विमानात चढला होता. वयामुळे तो ‘एकटं मूल’ या खात्यात बसतच नव्हता, त्यामुळे त्याच्यासोबत कुणी जाण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे तर ही रेघ आणखी खाली आहे. बारा ओलांडले की तिकिटाच्या हिशेबात मुलगा प्रौढ. पूर्ण भाडं, पूर्ण जबाबदारी. शाळेच्या सहलीला ज्याच्यासाठी पालकांची सही लागते, तो सातवी-आठवीतला मुलगा विमानतळावर मात्र स्वतःचं गेट स्वतः शोधणारा स्वतंत्र प्रवासी असतो.

माझं म्हणणं असं, की बाराचा आकडा तिकिटाच्या सोयीसाठी आहे आणि मुलाची समज ओळखायला तो कामाचा नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा एकटं पाठवताना कंपनीला विचारून बघावं, पैसे भरून सोबत मिळत असेल तर घ्यावी. नसेल मिळत, तर सकाळचं थेट विमान निवडावं. दिवसाचं शेवटचं विमान रद्द झालं की रात्र विमानतळावर जाते. आणि मुलाकडून तीन गोष्टी घोटून घ्याव्यात. बोर्डिंग पासवर छापलेलं गेट बदलू शकतं, म्हणून फलक पुन्हा बघायचा. विमानात शिरताना दारातल्या कर्मचाऱ्याला ‘हे नागपूरचंच ना?’ असं मोठ्याने विचारायचं. काही बिनसलं तर गणवेशातल्या माणसाकडे जायचं, शेजारच्या प्रेमळ काकांकडे नाही. विचारायला लाजू नये, हे घरून शिकवावं लागतं. आपण मुलांना बहुधा उलटंच शिकवतो.

दप्तर हीच मुलांची केबिन बॅग असते, त्यामुळे ते आदल्या रात्री रिकामं करून पुन्हा भरावं. कंपास पेटीतलं कर्कटक, कात्री, खेळण्यातली बंदूक यांवरून सुरक्षा तपासणीत थांबवतात. क्रिकेटची बॅट केबिनमध्ये नेता येत नाही, ती सामानात द्यावी लागते. पॉवर बँकचं उलट, ती सामानात चालत नाही, हातातल्या बॅगेतच ठेवायची. परतीच्या वाटेवर आजीने प्रेमाने दिलेल्या पिशवीत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नाहीत ना, तेही बघावं. तेलामुळे पेट घेण्याचा धोका म्हणून त्यांना मनाई आहे.

लहानग्यांना घेऊन निघणाऱ्यांना सर्वांत जास्त धास्ती रडण्याची. बाळ बहुतेकदा रडतं ते विमान खाली येताना. केबिनमधला हवेचा दाब वाढत जातो आणि नाकामागून कानाकडे जाणारी बारीक नळी पटकन उघडत नाही, म्हणून कानात दडे बसतात. गिळलं की नळी उघडते. उतरायच्या आधी साधारण अर्धा तास विमान खाली यायला लागतं, तेव्हा बाळाला अंगावर पाजावं किंवा बाटली द्यावी. मोठ्या मुलांनी घोट घोट पाणी प्यावं. झोपलेल्या मुलाला त्या वेळी उठवावं, कारण झोपेत गिळणं कमी होतं. सर्दी गच्च असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. ‘झोपून तरी जाईल’ म्हणून सर्दीचं गुंगी आणणारं औषध आपल्या मनाने पाजण्याचा सल्ला नात्यात सर्रास दिला जातो. तो साफ धुडकावावा.

आणखी दोन गोष्टी हक्काच्या. एप्रिल 2024 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना बजावलं, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच्या किमान एका पालकाशेजारी जागा द्यायची. अट एकच, सगळे एकाच पीएनआरवर हवेत. दोनशे रुपये वाचवायला आईचं तिकीट एका अ‍ॅपवरून आणि मुलाचं दुसरीकडून काढलंत, तर हा नियम तुमच्या बाजूने उभा राहणार नाही. दुसरी गोष्ट रांचीची. मे 2022 मध्ये तिथे इंडिगोने एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिलं नाही. महासंचालनालयाने कंपनीला पाच लाखांचा दंड केला आणि नियम बदलला. आता प्रकृतीच्या कारणावरून एखाद्याला उतरवायचं, तर कंपनीला आधी विमानतळावरच्या डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. अशा मुलांच्या पालकांनी हा नियम फोनमध्ये जपून ठेवावा.

परदेशी निघालेल्यांसाठी थोडक्यात. तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसून जातं, पण जाताना दीड वर्षाचं असलेलं मूल येताना दोनाचं झालं असेल तर परतीला त्याची स्वतंत्र खुर्ची घ्यावी लागते. आणि मूल एकाच पालकाबरोबर किंवा आजी-आजोबांबरोबर जाणार असेल, तर मागे राहणाऱ्या पालकांचं नोटरी केलेलं संमतिपत्र सोबत द्यावं. इमिग्रेशनच्या खिडकीवर ते मागितलं जाऊ शकतं.

राहता राहिला कंपन्यांचा प्रश्न. एकट्या मुलाच्या वयाची अट, शुल्क आणि सोबतीचे नियम आज प्रत्येक कंपनी आपापले ठरवते आणि तिच्या वेबसाइटच्या कोपऱ्यात इंग्रजीत लिहून ठेवते. मुलांची आसनव्यवस्था महासंचालनालयाने एका आदेशात मार्गी लावली. तशीच एकट्या मुलांसाठी सगळ्या कंपन्यांना लागू असणारी एकच नियमावली त्याने काढावी, सोबत मागण्याची मुभा सोळाव्या वर्षापर्यंत द्यावी आणि हे नियम मराठीसह सगळ्या भारतीय भाषांत तिकीट काढतानाच दिसतील असं बघावं. ते होईल तेव्हा होईल. यंदाच्या सुट्टीत मात्र तिकीट काढण्याआधी कंपनीला फोन करा, घ्यायला येणाऱ्याचं नाव आधार कार्डाप्रमाणे लिहून घ्या आणि विमान उडेपर्यंत विमानतळावरून हलू नका.