बिल्ल्याचा अर्थ

पुणे-सोलापूर रस्त्यावरील मोडनिंबसारख्या गावात शाळकरी मुलाच्या अंगावर राष्ट्रीय छात्रसेनेचा खाकी गणवेश चढला की घरच्यांना त्याचे कोण कौतुक वाटते! शेतमजुराचा मुलगा आणि बागायतदाराचा मुलगा एकाच पोशाखात, एकाच रांगेत उभे राहतात, हे दृश्य समतेच्या कार्यकर्त्याला सुखावणारेच आहे. परंतु जे चिन्ह हा मुलगा मिरवतो, त्याचा अर्थ त्याच्याकडून परीक्षेपुरता पाठ करून घेतला जातो. त्यावर विचार करण्यास त्याला कोणी शिकवत नाही.

हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशीवरून १९४८ च्या कायद्याने छात्रसेना उभी राहिली. १९५१ साली तिला मिळालेला ध्वज लष्करी पलटणींच्या धर्तीचा होता. १९५४ साली त्याजागी तीन रंगांचा ध्वज आला: तांबडा भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिका निळा वायुदलाचा. मध्यभागी सोनेरी अक्षरे व भोवती कमळांची माळ. कमळे सतरा, आणि ती सतरा संचालनालयांची खूण म्हणून सांगितली जातात. म्हणजे रंग दलांचे आणि कमळे कचेऱ्यांची! मग ज्याने हे चिन्ह धारण करावयाचे, त्या मुलाचे त्यात काय?

त्याचे जे आहे ते ब्रीदात आहे. 'एकता आणि अनुशासन' हे ब्रीद १२ ऑक्टोबर १९८० रोजी निश्चित झाले. त्याआधी पाचच वर्षे, आणीबाणीत, 'अनुशासन' या शब्दाचा सरकारी उद्घोष चालू होता आणि हजारो कार्यकर्ते तुरुंगात होते. एकतेवाचून लादलेले अनुशासन म्हणजे केवळ धाक, हा त्या काळाचा धडा होय. चीन युद्धानंतर १९६३ साली छात्रसेना महाविद्यालयांत सक्तीची झाली आणि १९६८ साली ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली, हेही विसरता कामा नये. ब्रीदात एकता आधी आणि अनुशासन नंतर आहे. हा क्रम मुलांच्या मनावर बिंबला पाहिजे.

सोलापूर जिल्ह्याला याचे उदाहरण दूर शोधावयास नको. १९३० साली सोलापूर शहरावर मार्शल लॉ लादला गेला, तोही सुव्यवस्थेच्याच नावाने. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चौघे येरवड्यात फासावर गेले. एकता म्हणजे काय, हे सांगावयास ही चार नावे पुरेशी आहेत. आज्ञा कोणाची पाळावी आणि कोणाची मोडावी, हेही त्यांनी आपल्या प्राणांनी सांगून ठेवले आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी छात्रसेनेकडे संशयाने पाहू नये आणि केवळ टाळ्याही वाजवू नयेत. आपापल्या गावच्या शिक्षकांना भेटून त्यांनी एवढेच मागावे की, कवायतीनंतर अर्धा तास मुलांना खाली बसवा, बिल्ला त्यांच्या हाती द्या आणि त्यांना प्रश्न विचारू द्या. पाऊल मिळवून चालणारा मुलगा देशाला हवाच. पण कोठे चाललो आहोत, हे विचारणारा मुलगा लोकशाहीला त्याहून अधिक हवा.