घराचा चार्ज कोणाकडे?

ज्या फौजेत पंखे, खुर्च्या आणि बॅडमिंटनच्या रॅकेटसुद्धा मोजून, सही करून दिल्या-घेतल्या जातात, त्या फौजेतला माणूस घराचा सगळा कारभार मोबाइलमध्ये कुलूपबंद करतो आणि दोन वर्षांसाठी फील्डला निघून जातो. मागे राहिलेल्या बायकोकडे हँडिंग ओव्हर नोट्स नसतात. तिच्याकडे असतो फक्त एक नंबर, आणि तो बहुतेक वेळा लागत नाही.

माझं भांडण याच्याशी आहे. त्यावर मी जी वस्तू पुढे करतो ती पाहून आमच्या मेसमधले तरुण कॅप्टन गालातल्या गालात हसतात. रिंग बाइंडर. सहा कड्या, ए-फाइव्ह आकार, सुटी पानं घालता-काढता येणारं साधं कागदी बाड. गेली चार वर्षं माझी रोजची कामं, घरचे हप्ते, मुलांच्या फिया, गाडीचा विमा, आईच्या गोळ्या, सगळं त्यात आहे.

"सर, त्याला ॲप आहेत की," हे पहिलं उत्तर ठरलेलं. आहेत ना, भरपूर आहेत. पण फौजी माणसाचा फोन हा अर्धा वेळच त्याचा असतो. कित्येक ठिकाणी दारातच जमा करावा लागतो. 2020 च्या जुलैमध्ये सेनेने 89 ॲप फोनमधून काढून टाकायला सांगितली, ते बहुतेकांना आठवत असेल. आदेश योग्यच होता, त्यावर माझं काही म्हणणं नाही. म्हणणं एवढंच, की ज्या यंत्रात काय ठेवायचं हे उद्या सकाळच्या एका पत्राने बदलू शकतं, आणि सुरक्षेसाठी ते बदलायलाही हवं, त्या यंत्राला घरची वही समजू नये. लडाखच्या हिवाळ्यात भरलेली बॅटरी बघता बघता मान टाकते, आणि स्क्रीनला बोट लावायला हातमोजा काढावा लागतो तो वेगळाच. तिथे बॉलपेनही रुसतं, हे मान्य. पेन्सिल रुसत नाही. एचबी पेन्सिल बंद पडली असं कुठल्याही उंचीवर मी पाहिलेलं नाही.

पण हे झालं माझ्या सोयीचं. सोयीसाठी एवढं लिहायची गरज नव्हती.

माझ्या आधीच्या पलटणीतला एक हवालदार सुट्टीवर जाताना रस्त्यावरच्या अपघातात सापडला. अकरा दिवस बेशुद्ध. गावाहून वहिनी आल्या, सोबत धाकटा दीर. फौजेकडे त्या माणसाचं सगळं होतं. शीट रोल, किंड्रेड रोल, नॉमिनेशन, सगळं कागदावर, हेड क्लार्कसाहेबांनी एका तासात टेबलावर मांडलं. त्याच्या घराकडे त्याचं काहीच नव्हतं. ट्रॅक्टरचं कर्ज कोणत्या बँकेचं, हप्ता कितीचा, विम्याच्या पॉलिसी दोन की तीन, मेव्हण्याला उसने दिलेले पैसे किती, सगळं फोनमध्ये. फोन अंगठ्यावर उघडणारा. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसून वहिनी आणि तो दीर कुजबुजत होते, की नर्सबाईंना विनंती करून त्याचा अंगठा फोनला लावून घ्यावा का. तिला ते पाप वाटत होतं. हप्त्याची तारीख तीन दिवसांवर होती.

तो बरा झाला, आता चालतो-फिरतो. पण तो बाक माझ्या डोळ्यासमोर आहे. आणि मला कोणी सांगू नये की हा अडाणीपणाचा प्रश्न आहे. तो हवालदार फोन माझ्यापेक्षा चांगला चालवायचा. सगळं व्यवस्थित भरून ठेवलं होतं त्याने. व्यवस्थित होतं, म्हणूनच ते दुसऱ्या कोणाला दिसत नव्हतं.

डिजिलॉकरचं नाव लगेच निघतं. मी वापरतो, चांगली सोय आहे, लायसन्स आणि आरसीसाठी उत्तम. पण त्याच्या दारावर ओटीपी उभा असतो, आणि तो येतो आधारला जोडलेल्या नंबरवर. आमच्या घरांमध्ये तो नंबर नवऱ्याच्या खिशात, नवरा डोंगरावर. पुण्यातल्या एसएफ क्वार्टर्समध्ये विचारून पाहा. गॅसचं सिलिंडर दाराशी येतं, डिलिव्हरीवाला कोड मागतो, कोड गेलेला असतो पूर्वोत्तरातल्या एखाद्या रेंज नसलेल्या ठाण्यावर. कागद हा प्रश्न सोडवत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण माझ्या बाडातलं सगळ्यात उपयोगी पान याचंच आहे. कुठे कोणता मोबाइल नंबर नोंदवलेला आहे. डावीकडे बँक, गॅस, वीज, शाळा, सोसायटी, विमा, उजवीकडे नंबर. ते पान लिहायला बसलो तेव्हा एकोणीस ठिकाणं निघाली. पुढच्या सुट्टीत त्यातल्या बारा ठिकाणी बायकोचा नंबर घातला. कुठल्याही ॲपने मला हे यादी करून सांगितलं नव्हतं, आणि सांगणारही नाही, कारण प्रत्येक ॲपला फक्त स्वतःचं दार माहीत असतं.

आता कडीच का, शिवलेली डायरी का नाही? डायऱ्या आपल्या घरात चिक्कार. बँकेची, पतपेढीची, औषध कंपनीची. जानेवारीत दोन पानं भरतात, फेब्रुवारीत धोब्याचा हिशेब, मग नातवंडांची चित्रं. शिवलेली डायरी तारखेशी बांधलेली असते आणि डिसेंबरमध्ये मरते. घर डिसेंबरमध्ये मरत नाही. विम्याची माहिती दर वर्षी नव्या डायरीत उतरवायला कोणाला वेळ आहे? कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडणारी आपली माणसं नोंदी ठेवण्यात कमी नाहीत, पण वर्ष संपलं की कालनिर्णय उतरतं आणि नोंदी त्याच्याबरोबर जातात.

सुट्या कागदाची परंपरा आपल्याला नवी नाही. पेशवे दफ्तर पुण्यात अजून आहे, मोडीतले कागद कापडी रुमालात बांधलेले, हजारो रुमाल. रुमाल सोडायचा, कागद काढायचा, नवा घालायचा, परत बांधायचा. रिंग बाइंडर म्हणजे कड्या असलेला रुमाल, याहून वेगळं काही नाही. आणि बदलीवर जगणाऱ्या माणसाला हेच लागतं. शहर बदललं की डॉक्टर, शाळा, गॅस एजन्सी, दूधवाला ही पानं निघतात. पॉलिसी, जमिनीचा गट नंबर, रक्तगट, चष्म्याचे नंबर ही पानं राहतात.

आमच्याकडे बाडं दोन आहेत. जाड पुण्याला, पातळ माझ्या पिशवीत. भोकं एकाच मापाची, त्यामुळे पानं प्रवास करतात. सुट्टीत गेलो की पहिल्या रविवारी दोन्ही टेबलावर उघडतो. माझ्याकडची झालेली पानं तिकडे, तिकडची करायची कामं इकडे. तासभर लागतो. पलटणीत कंपनीचा चार्ज देताना जेवढा वेळ लागतो त्याच्या मानाने काहीच नाही.

यात एक गोष्ट कडक पाळायची. ड्यूटीचं अक्षरही त्यात नको. ना ठिकाण, ना नफरी, ना हालचालीची तारीख. रजेची तारीखसुद्धा मी पिशवीतल्या बाडात लिहीत नाही. पिन आणि पासवर्डही नाहीत. बाड रेल्वेत राहिलं तर उचलणाऱ्याला चष्म्याचा नंबर आणि वाण्याची यादी यापलीकडे फारसं मिळू नये, या हिशेबाने पातळ बाड भरायचं. महत्त्वाचं जाड बाडात, आणि जाड बाड घराबाहेर जात नाही.

कागद जळतो, भिजतो, वाळवी लागते, हा आक्षेप खरा आहे. आसामच्या पावसात मी स्वतः बुरशी पुसली आहे. जाड बाडाच्या पहिल्या दहा पानांची झेरॉक्स गावी भावाच्या कपाटात आहे, झालं. या कड्यांचा सगळ्यात प्रसिद्ध किस्सा तर आगीचाच. फायलोफॅक्स विकणारी लंडनची कंपनी 1921 ची. 1940 च्या बॉम्बहल्ल्यात तिचं ऑफिस गेलं, कागदपत्रं गेली. पुरवठादार आणि गिऱ्हाइकांची नावं ग्रेस स्कर या तिथल्या सेक्रेटरीबाईंनी स्वतःच्या बाइंडरमध्ये लिहून ठेवली होती, त्यावर धंदा पुन्हा उभा राहिला. कंपनी वाचली ती बाईंच्या बाडामुळे, हे आपल्या घरांनीही ध्यानात घ्यायला हरकत नाही.

या वस्तूची जी फॅशन निघाली आहे तिच्याशी मात्र माझा संबंध नाही. चामड्याचं कव्हर, सहा रंगांची पेनं, स्टिकर, फुलाफुलांच्या चिकटपट्ट्या, "माझा आदर्श दिवस" असली पानं. तो छंद आहे, खुशाल करा. पण काम त्याने होत नाही. छावणीच्या बाजारात स्टेशनरीच्या दुकानात साधं रेक्झिनचं बाइंडर मिळतं. तेही नको असेल तर ए-फोर कागद मधोमध कापा, ऑफिसच्या डबल पंचने भोकं पाडा, हिरवी टॅग ओवा. फौजेची निम्मी फायलिंग त्याच टॅगवर टिकून आहे.

निवृत्त मंडळींपैकी काही जण म्हणतात, आता कसलं नियोजन, पेन्शन येते, नातू येतात. साहेब, तुमच्या घरातच याची गरज जास्त आहे. पीपीओ नंबर वहिनींना माहीत आहे का? स्पर्शला कोणता मोबाइल जोडलाय? ईसीएचएस कार्ड कुठे, हयातीचा दाखला गेल्या वर्षी कोणी आणि कुठून भरला? आणि आपल्याकडे आणखी एक घोळ. लग्नात नाव बदलायची रीत. सेवेच्या नोंदीत माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. माणूस असेपर्यंत एका अर्जाने दुरुस्त होणारी ही गोष्ट त्याच्या मागे बाईला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ते रेकॉर्ड ऑफिस असे हेलपाटे घालायला लावते. तिन्ही नावं एका पानावर शेजारी-शेजारी लिहिली तरी घोळ डोळ्यांना दिसतो.

आमच्या जाड बाडातली निम्म्याहून जास्त पानं आता बायकोच्या अक्षरात आहेत. "गाडी" या टॅबखाली मागच्या सुट्टीत मला तीन ओळी दिसल्या: पीयूसी संपतंय, मागचा उजवा टायर बघणे, आणि विम्याचं नूतनीकरण मी केलं आहे, तू परत करू नकोस.