शिष्यवृत्तीच्या यादीत न बसणारे शिक्षण



मंडळाच्या शिक्षण निधीकडे यंदा आलेल्या अर्जांपैकी एक अर्ज परत गेला. अर्ज समाजातल्याच एका मुलीचा, बी.पी.एड.च्या पहिल्या वर्षाच्या शुल्कासाठी. गुण पुरेसे होते, उत्पन्नाचा दाखला जोडलेला होता, दोन सभासदांच्या शिफारशीही होत्या. कारण एका ओळीत लिहिले होते : ‘अभ्यासक्रम निधीच्या यादीत समाविष्ट नाही.’ यादी काढून पाहिली तर ते खरेच आहे. वैद्यकीय, अभियांत्रिकी, सी.ए., विधी, बी.एड. आणि मागाहून वाढवलेले एम.बी.ए. व संगणक. शारीरिक शिक्षण कुठेच नाही. समितीने नियमाप्रमाणे काम केले, तिला दोष देण्याचे कारण नाही. पण नियम सभेने केलेला आहे आणि सभा म्हणजे आपण सगळे सभासद. म्हणून हा विषय समितीच्या खोलीत न ठेवता सर्वांपुढे मांडत आहोत.

हे घडले ते ग्वाल्हेरात, ही त्यातली विशेष गोष्ट. शारीरिक शिक्षकाचे शिक्षण घेण्यासाठी मणिपूरपासून केरळपर्यंतची मुले ज्या गावाला येतात, त्या गावात आपली घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. १७ ऑगस्ट १९५७ रोजी, स्वातंत्र्यसमराच्या शताब्दी वर्षात, केंद्र सरकारने येथे लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. राणीने १८५८ च्या जूनमध्ये देह ठेवला तो या भूमीत, म्हणून नाव तिचे. आधी हे महाविद्यालय उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाशी जोडलेले होते, १९६४ मध्ये जीवाजी विद्यापीठ झाल्यावर त्याच्याशी जोडले गेले, आणि १९९५ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. बाड्यापासून टेम्पोने अर्ध्या तासाच्या आत रेसकोर्स रोडवरच्या त्या फाटकाशी उतरता येते. आपल्या घरांतली किती मुले त्या फाटकातून विद्यार्थी म्हणून आत गेली, हे ज्याने त्याने आपल्या नात्यागोत्यात मोजून पाहावे. आम्ही मोजले. एका हाताची बोटे पुरली.

बरे, हा विषय आपल्याला परका आहे म्हणावे तर तसेही नाही. मल्लखांब ज्यांच्या नावाशी जोडला जातो ते बाळंभटदादा देवधर दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे. बडोद्यात जुम्मादादांची व्यायामशाळा प्रा. माणिकरावांनी नावारूपाला आणली आणि सांघिक कवायतीच्या आज्ञा इंग्रजीऐवजी भारतीय भाषेत रूढ करण्यासाठी खटपट केली. त्याच आखाड्यात तयार झालेल्या जगन्नाथ गणेश गुणे यांनी, म्हणजे स्वामी कुवलयानंदांनी, १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले. बडोद्यातच मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत सिद्ध केले. अमरावतीला वैद्य बंधूंचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. महाराष्ट्राबाहेर गेलेल्या मराठी वस्त्यांमध्ये विठ्ठल मंदिर आणि गणेशोत्सवाच्या जोडीला तालीम असायचीच. आपल्या दिवाणखान्यांत आजोबांचे जोर मारतानाचे नाहीतर मुद्गल फिरवतानाचे छायाचित्र अजून टांगलेले असते.

आजोबांच्या छायाचित्राला हार आणि नातवाने ‘पीटीआय व्हायचे आहे’ म्हटले की घरात शांतता, असा आपला व्यवहार आहे. मुलगी दाखवताना ‘मुलगा शाळेत शिक्षक आहे’ हे वाक्य चालते. पुढचा प्रश्न ‘विषय कोणता?’ आला की बैठकीचा रंग बदलतो. ज्याला बाकी काही जमले नाही तो शिटी घेऊन मैदानावर उभा राहतो, अशी एक समजूत आहे. या मंडळींनी एकदा त्या शिक्षणात काय काय करावे लागते ते पाहिले पाहिजे.

बी.पी.एड. पूर्वी एक वर्षाचे होते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर ते दोन वर्षांचे झाले. प्रवेशासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते, अगदी बी.कॉम.सुद्धा, पण गुणांबरोबर मान्यताप्राप्त स्पर्धांतला सहभाग नाहीतर पदवीला घेतलेला शारीरिक शिक्षण हा विषय यांसारखी एखादी जोड लागते. लेखी परीक्षा असते, धावणे-उडी-फेक यांची क्षमता चाचणी असते. बारावीनंतरच या वाटेला लागायचे असेल तर दोन वर्षांची पदविका, डी.पी.एड., किंवा तीन वर्षांची शारीरिक शिक्षणाची पदवी आहे. नियमांत अधूनमधून फेरफार होत असतात, तेव्हा त्या वर्षीचे माहितीपत्रक पाहूनच अर्ज भरावा आणि संस्थेला परिषदेची मान्यता आहे ना हे आधी तपासावे. मान्यता नसलेल्या संस्थेचा कागद नोकरीच्या वेळी कामाला येत नाही.

आत गेल्यावर शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, हालचालींचे यंत्रशास्त्र, चाचण्या व मोजमाप, आरोग्यशिक्षण, योग, पंचगिरी, व्यवस्थापन असे विषय असतात. सकाळ-संध्याकाळ मैदान वेगळे. नुसती मैदानाची आखणी घ्या. ४०० मीटरच्या प्रमाणित धावमार्गाच्या सरळ बाजू प्रत्येकी ८४.३९ मीटर, वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर आणि प्रत्येक पट्टी १.२२ मीटर रुंद. पहिल्या पट्टीची लांबी आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवर मोजायची, बाकीच्या पट्ट्यांची २० सेंटिमीटरवर. त्यामुळे ४०० मीटरच्या शर्यतीत दुसऱ्या पट्टीतल्या धावपटूला पहिल्याच्या ७.०४ मीटर पुढून सोडावे लागते. हे झाले पुस्तकातले. आपल्या शाळांच्या मागे एवढी जागा कुठली? तिथे दोनशे मीटरचा, तोही एका बाजूला चिरडलेला, धावमार्ग बसवायचा तर सगळे गणित नव्याने करून, दोरी आणि चुन्याने उन्हात आखावे लागते. दिवसअखेर रोकड जुळवणाऱ्या आमच्यासारख्याला हे वाचतानाच दरदरून घाम फुटला.

खरी कसोटी मात्र सराव पाठांची. चाळीसेक मुले, तासिका पस्तीस मिनिटांची, चेंडू चार. कोणालाही दहा मिनिटे नुसते रांगेत उभे न ठेवता सगळ्यांच्या अंगाला व्यायाम झाला पाहिजे, जाड मुलाची थट्टा होता कामा नये, दम्याच्या मुलीला बाजूला न बसवता तिला झेपेल ते दिले पाहिजे. पाठटाचण आधी लिहून दाखवायचे, पाठ चालू असताना निरीक्षक मागे उभे राहून शेरे लिहिणार, दुसऱ्या दिवशी सुधारून पुन्हा पाठ. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा कुठे जातो हे आपल्याला सांगायला नको. भोवळ आलेल्या मुलाला नुसता थकवा आहे की ऊन लागले आहे हे पहिल्या दोन मिनिटांत ओळखणारा माणूस शाळेत असणे म्हणजे काय, ते आईबापांनी ठरवावे. निखळलेला खांदा जागच्या जागी ओढून बसवायचा नसतो, हेही शिकवावे लागते. आपल्याकडे ओढणारे पुष्कळ.

येथे एक फरक सांगितला पाहिजे, कारण सभेत तो प्रश्न निघेलच. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून प्रशिक्षक तयार होतात, ते एका खेळातल्या निवडक मुलांना पदकापर्यंत नेतात. शारीरिक शिक्षकाच्या वाट्याला वर्गातले प्रत्येक मूल येते, खेळात अजिबात न रमणारेदेखील. दोन्ही कामे मोठी, पण वेगळी. तसेच आखाड्यातल्या वस्तादांना कमी लेखण्याचा हेतू मुळीच नाही. मल्लखांबाला एरंडेल किती चोळावे आणि मूल उलटे सुटताना हात कुठे द्यावा, हे त्यांच्या बोटांना कळते, ते पुस्तकातून येत नाही. परंतु वस्तादांना शाळेत नेमता येत नाही, कारण पात्रतेच्या रकान्यात लिहायला काही नसते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एखाद्याने बी.पी.एड. केले तर तीच विद्या शाळेच्या वेळापत्रकात जाते. उज्जैनचे मल्लखांब प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री. आपल्या राज्याने तर २०१३ सालीच मल्लखांबाला राज्यखेळ ठरवले. उज्जैनची मुले खांबावर चढतात याचा आनंदच आहे. आपल्या आखाड्याचा खांब कोपऱ्यात धूळ खात आहे, ही आपली गोष्ट.

आता नोकरीचे. येथे गोड बोलून उपयोग नाही, कारण मुलीच्या वडिलांना पैसे मोजावे लागणार आहेत. राज्याच्या कर्मचारी चयन मंडळाने २०२५ साली शिक्षकांच्या १०,७५८ पदांसाठी अर्ज मागवले, त्यांत माध्यमिक खेळ शिक्षकाची पदे होती ३३८ आणि प्राथमिक खेळ शिक्षकाची १,३७७. राज्यात जिल्हे ५५. म्हणजे माध्यमिकला जिल्ह्यामागे सहा आणि प्राथमिकला पंचवीस. मोठी संख्या नव्हे. मात्र सीबीएसईने २०१८ पासून नववी ते बारावीला रोज एक तासिका आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी सक्तीची केली, त्यामुळे खाजगी शाळांना माणूस ठेवावा लागतो. केंद्रीय विद्यालयांत हे पद प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाच्या श्रेणीचे आहे. खाजगी शाळांतले पगार सारखे नाहीत, काही ठिकाणी तर सांगायला लाज वाटावी असे. मुलींना मात्र एक बाजू आहे. आठवी-नववीनंतर मुली मैदानावरून घरी बसतात त्याचे एक कारण शिकवायला बाई नसणे हे आहे, आणि हे शाळांना कळू लागले आहे.

पदे इतकी कमी का, हा प्रश्न राजकीय आहे आणि या पत्रिकेने तो विचारलाच पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण हवे असे लिहिले आहे. सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणाला निदेशक हवा असेही लिहिले आहे. पण तो अंशकालीन! गणिताला पूर्णवेळ माणूस आणि शरीराला अर्धवेळ. एका शब्दाने शासनाला कायम पद न भरण्याची सोय करून दिली, मग दर वर्षी अतिथी शिक्षक नेमून वेळ मारून न्यायची. दोन वर्षे घाम गाळून पदवी घेतलेल्याने दर जूनला पुन्हा नव्याने नेमणुकीची वाट पाहायची, हे शिक्षण धोरण म्हणायचे की काटकसर? निवडणुकीच्या वेळी उमेदवार आपल्या गणेशोत्सवात आरतीला उभे राहतात, शाल-श्रीफळ घेतात, शिवजयंतीला शौर्यावर बोलतात. त्यांना यापुढे एकच विचारावे : आमच्या प्रभागातल्या शासकीय शाळांपैकी किती शाळांत कायम खेळ शिक्षक आहे? आकडा सांगा. आपली मते आता मोजकी उरली आहेत हे मान्य. तरी असा प्रश्न विचारणारी वस्ती म्हणून ओळख झाली तर ती मतांच्या संख्येपेक्षा जास्त काळ टिकते, असे आम्हाला वाटते. शाळेत सगळ्या वर्गांतल्या मुलांना नावाने हाक मारणारा माणूस बहुधा पीटीचा शिक्षकच असतो. आपला समाज गावाच्या व्यवहारातून बाजूला पडला म्हणून हळहळणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

पैशाचे एक सांगून ठेवतो. मान्यताप्राप्त संस्थेतल्या अशा अभ्यासक्रमाला बँकांचे शिक्षण कर्ज मिळू शकते. बँक संघाच्या नमुना योजनेप्रमाणे चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही, आणि हमी योजनेत बसणाऱ्या कर्जाला साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. काउंटरवर अभियांत्रिकीच्या कर्जासाठी रांग लागते, बी.पी.एड.साठी अजून कोणी समाजातले आलेले दिसले नाही. मुलांची शालेय स्पर्धांची प्रमाणपत्रे मात्र जपून ठेवा. जिल्हा पातळीचा मल्लखांबाचा किंवा खो-खोचा कागद घर बदलताना रद्दीत जातो आणि पाच वर्षांनी प्रवेशाच्या वेळी नेमका तोच हवा असतो.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत नियमदुरुस्तीचा ठराव मांडला जाईल. त्यात दोन कलमे आहेत. शिक्षण निधीच्या यादीत डी.पी.एड., बी.पी.एड. आणि एम.पी.एड. यांचा समावेश करावा. आणि ज्या विद्यार्थ्याला या अभ्यासक्रमासाठी साहाय्य मिळेल त्याने सुट्टीच्या दिवशी आपल्या व्यायामशाळेत लहान मुलांचा वर्ग घ्यावा, तोही विनामूल्य नव्हे तर मंडळाने ठरवलेले मानधन घेऊन. व्यायामशाळेची मागची जागा लग्नसराईत मॅरेज गार्डनसाठी देण्याची सूचना काही सभासदांनी केली आहे. ती याच सभेत येणार असल्याने दोन्ही विषय लागोपाठ घ्यावेत, अशी विनंती आम्ही अध्यक्षांना केली आहे. परत गेलेला अर्ज दुरुस्ती मंजूर झाल्यास याच वर्षासाठी पुन्हा विचारात घेता येतो. पुढच्या वर्षाच्या शुल्काची मुदत त्यानंतर आहे. ठरावाची प्रत ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवली आहे, अनुमोदनाच्या सह्या सभेपूर्वी तेथेच कराव्यात.