दगड निवडण्याआधी मासा पाहा

ओमानमध्ये मस्कतच्या दक्षिणेस सुमारे ५५० किलोमीटरवर, अरबी समुद्राच्या काठी दुक्म आहे. २०११ पासून तेथे विशेष आर्थिक क्षेत्र उभे राहिले आणि बंदरामुळे या गावाचे नाव झाले. आमच्या ध्यानात मात्र तेथील खडकांची बाग राहिली. चुनखडीचे आणि वालुकाश्माचे हे खडक वारा व पाणी यांनी युगानुयुगे कोरलेले आहेत. पाहणाऱ्याला वाटते, यातला एक तुकडा आपल्या घरच्या माशांच्या टाकीत किती शोभेल!

वाचकहो, हा मोह आवरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. निसर्गाची बाग मोडू नये, हे तर झालेच. पण त्या तुकड्याने घरचे मासेही धोक्यात येतात. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते, पाणी जड होते आणि त्याचा अल्कधर्म वाढतो. निऑन टेट्रा, डिस्कस हे मासे मूळचे अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील मऊ पाण्याचे. त्यांना ते सोसत नाही. शिवाय माशांच्या मलमूत्रातला अमोनिया अशा पाण्यात अधिक विषारी होतो. उलट गप्पी, मॉली आणि आफ्रिकेच्या मलावी सरोवरातले मासे जड पाण्यात सुखाने राहतात. म्हणून आधी मासा ठरवावा, मग दगड.

दुक्म दूर राहिले. आपल्या मॉरिशसच्या किनाऱ्यावरची पांढरी वाळू, प्रवाळ आणि शिंपले हीसुद्धा चुन्याचीच. खाडीतला वाळूउपसा २००१ मध्ये बंद झाला, तो किनारा वाचावा म्हणून. मग आपणच मूठमूठ का उचलावी? त्यापेक्षा आपला काळा ज्वालामुखी दगड बरा. आपल्या पूर्वजांनी उसाची शेते साफ करताना ज्या दगडांच्या राशी रचल्या, तोच हा. तो पाण्यात विरघळत नाही. मात्र औषध फवारलेल्या शेतातला घेऊ नये.

परीक्षा सोपी आहे. कोरड्या दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे. निवडलेला दगड गरम पाण्याने ब्रशने घासावा, साबण लावू नये. उकळू तर नयेच, आत अडकलेल्या पाण्याने तो फुटू शकतो. धारदार कडेने माशांची अंगे कापतात, तेव्हा गुळगुळीत दगडच बरा. कोणी हौसेने पितळेची मूर्ती किंवा तांब्याचे नाणे टाकीत ठेवतात. तेही टाळावे, कारण तांबे माशांना घातक आहे. मूर्तीची जागा देव्हाऱ्यात.

नदीतला मासा पाणी बिघडले तर दुसरीकडे जाऊ शकतो. आपल्या घरच्या माशाला चार काचांपलीकडे वाट नाही. त्याला आपण घरी आणले, तर त्याच्या पाण्याची जबाबदारी आपलीच. आपल्या डोळ्यांची हौस त्यानंतर.