चक्राला नारळ फोडणाऱ्यांना

पंधरा ऑगस्टला आमच्या सूतगिरणीच्या गेटवर झेंडावंदन झालं. आदल्या दिवशी चबुतरा धुतला, चुना मारला, बाजूचं गटार उपसलं ते आमच्याच वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं. कंत्राटी झाडूवाला. दोरी ओढली मालकाच्या पाहुण्यानं. त्याआधी एकानं खांबाला हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली, नारळ फोडला. खोबरं वाटलं. म्हातारा फाटकाबाहेर खराटा धरून उभा. त्याच्यापर्यंत खोबरं पोचलं नाही. आत ये, असंही कुणी म्हटलं नाही.

मी रातपाळी करून तसाच थांबलो होतो. अंगावर, केसांत, पापण्यांवर कापूस. वर बघितलं तर मधोमध निळं चक्र. चोवीस आऱ्यांचं. म्हटलं, अरे, ही तर आपल्या घरची वस्तू! घरच्या माणसाला फाटकाबाहेर ठेवून हे तिला नारळ फोडतायत!

मित्रांनो, सरळ विचारतो. हे चक्र कुणाचं?

शाळेत आम्हाला सांगितलं, गतीचं. प्रगतीचं. बुद्धाचं नाव गुरुजींच्या तोंडून निघालं नाही. मी नववी नापास माणूस. पुढं वाचनालयात बसून स्वतः वाचलं तेव्हा कळलं. २२ जुलै १९४७ ला घटना समितीनं हा झेंडा मंजूर केला. चरखा गेला आणि सारनाथच्या अशोकस्तंभावरचं चक्र आलं. झेंडा ठरवणाऱ्या समितीत बाबासाहेब होते. सारनाथ म्हणजे बुद्धानं पहिला उपदेश केला ती जागा. अशोक म्हणजे कलिंग जिंकल्यावर, मला पश्चात्ताप झाला, असं दगडावर कोरून ठेवणारा राजा. दुसरा कुठला राजा जिंकल्यावर असं बोललाय?

राजमुद्राही तिथलीच. २६ जानेवारी १९५० ला स्वीकारली. मूळ खांबावर सिंहांच्याही वर एक मोठं धम्मचक्र होतं. ते फुटलं, त्याचे तुकडे सापडले. राजमुद्रेत सिंह आले, त्यांच्या पायाखालचं लहान चक्र आलं, वरचं मोठं आलं नाही. खाली वाक्य घातलं ते मुंडकोपनिषदातलं. वाक्याशी माझं भांडण नाही. सत्य जिंकावं असं आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त वाटतं, कारण आजवर हरलोय आम्ही. पण सिंह बुद्धाचे आणि बोल दुसऱ्याचे, हे निदान पोरांना सांगा तरी!

आता कापडाचं बोलतो, कारण सूत मी काढतो. मुंबईच्या गिरण्यांत आमच्या माणसाला विणकाम खात्यात घेत नव्हते. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, मग महाराच्या उष्ट्यानं सवर्ण विणकर बाटला असता! आणि पगार जास्त होता तो विणकाम खात्यातच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं टाकला. लाल झेंड्याखालीसुद्धा जात होतीच. म्हणजे ज्या कापडाला देश सलाम करतो, ते विणायच्या खात्यात आमच्या आज्या-पणज्याला शिरता येत नव्हतं. हे कुठल्या झेंडागीतात आहे?

तुम्ही म्हणाल, जुनं झालं. बरं. १५ ऑगस्ट २०२०. तामिळनाडू, तिरुवल्लूर जिल्हा. गावची सरपंच दलित बाई. निवडून आलेली. तिला झेंडा फडकवू दिला नाही. बोंबाबोंब झाल्यावर कलेक्टर गावात आल्या, तेव्हा तिच्या हाताला दोरी लागली. २०२२ साली त्या राज्याच्या मुख्य सचिवाला कलेक्टरांना पत्र लिहावं लागलं की झेंडावंदनात जातिभेद होता कामा नये. स्वातंत्र्याला पंच्याहत्तर वर्षं होताना हे पत्र! त्याच वर्षी घरोघर तिरंगा लावा म्हणून हुकूम सुटला होता. खादीची अट आदल्या डिसेंबरातच गेली होती, पॉलिस्टर चाललं, यंत्राचं कापड चाललं. फक्त त्या बाईचा हात चालत नव्हता.

कायदाही बघा. झेंड्याचा अपमान केला तर १९७१ च्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद. अस्पृश्यता पाळली तर १९५५ च्या कायद्यानं एक महिना ते सहा महिने. १९८९ चा अत्याचारविरोधी कायदा याहून बराच पुढं जातो, खरं आहे. पण तिथं नुसता गुन्हा नोंदवायला ठाण्यावर मोर्चा न्यावा लागतो. झेंड्यासाठी कधी मोर्चा काढावा लागला का?

आता आपल्या पोरांना दोन शब्द. राग आला तरी चालेल.

काहीजण म्हणतात, तिरंगा त्यांचा, आपला निळा बरा. म्हणजे बाबासाहेब ज्या समितीत बसले, तिचं काम फुकटात देऊन टाकायचं? दुसरे म्हणतात, चक्र आपलंच आहे, जयभीम, झालं काम! मोटारसायकलवर चक्र चिकटवतात आणि झेंडावंदनाला मागच्या रांगेत गुमान उभे राहतात. आमच्या गिरणीत तेच झालं. आम्ही सातजण होतो. म्हातारा बाहेर होता. एकानं तोंड उघडलं नाही. त्या सातांत मी होतो. ही शरम मी इथं लिहून ठेवतो.

१९५६ ला दीक्षेसाठी बाबासाहेबांनी अशोक विजयादशमी निवडली. ती काय पूजा करायला? बुद्धानं चक्र फिरवलं. खांबाला बांधून ओवाळलं नाही. रिंग फ्रेमची चाती नुसती बघून फिरत नाही, पट्टा चढवावा लागतो.

म्हणून येत्या २६ जानेवारीला काय करायचं ते ऐका. आपापल्या गावात, कारखान्यात, शाळेत आठ दिवस आधी जा. दोरी कोण ओढणार, विचारा. सरपंच आपली असेल तर तिच्या मागं नाही, बाजूला उभे राहा. नारळ, हळदकुंकू बंद करायला सांगा, हा देशाचा झेंडा आहे, कुणाचा कुलदेव नाही. संविधानाची उद्देशिका मोठ्यानं वाचा. वाचता येत नसेल त्यानं पाठ करा.

आणि आमच्या गेटवर या खेपेला म्हातारा आत येणार. चबुतरा ज्यानं धुतला, दोरी त्याच्या हातात. मालक नाही म्हणाला तर आम्ही सातहीजण त्याच्याबरोबर फाटकाबाहेर उभे राहू आणि तिथून झेंड्याला सलाम करू. मग बघू, आत किती उरतात!

जयभीम!